बाबांच्या गाऱ्हाण्यातला खंड

आमच्या काळाचौकीच्या चाळीत गाऱ्हाणं घालायचं ते बाबांनीच, हे कुणी ठरवलं नव्हतं आणि कुणी मोडलंही नव्हतं. गणपती असो, कुणाचं लग्न असो, कुणाला पहिली नोकरी लागलेली असो, नाहीतर जिन्याखालच्या घुमटीत बसलेल्या राखणदाराला, म्हणजे जागेच्या देवाला, वर्षाचा नारळ ठेवायचा असो, "बाबांना हाक मारा रे" असा ओरडा व्हायचा. मग बाबा सदऱ्याची बटणं लावत खाली उतरायचे, डोक्यावरची टोपी सारखी करायचे, नारळ दोन्ही हातांत धरायचे आणि देवाशी मालवणीत बोलायला लागायचे.

ज्यांनी कधी ऐकलं नसेल त्यांना सांगते. हे गाऱ्हाणं म्हणजे रडगाणं नव्हे. कुणाचं काय चाललंय, काय अडलंय, काय व्हायला पाहिजे, ते देवाला उभं राहून मोठ्यानं सांगायचं. पाठ केलेलं काही नसतं. सुरुवात आणि शेवट ठरलेला, मधलं सगळं त्या दिवसाचं. सांगणारा एक, आणि जमलेली माणसं त्याच्या वाक्यावाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देणार. आमच्या शेजारचा मुलगा बारावीला बसला तेव्हा बाबांनी देवाला सांगितलं होतं, "बा देवा म्हाराजा, ह्येका केलेलो अभ्यास आठवंदे, ह्येना लिवलेला मास्तराक वाचूक येवंदे, आणि ह्यो टायमार पेपराक पोचंदे." त्या पोराचं अक्षर खरंच भयानक होतं. सगळी चाळ हसत हसत "व्हय म्हाराजा" म्हणाली आणि त्याच्या आईनं डोळे पुसले.

लहानपणी मला याची भयंकर लाज वाटायची. माझी शाळा दादरची. तिथल्या मैत्रिणींच्या घरी आरत्या सुद्धा शुद्ध. एकदा एक मैत्रीण आमच्या गणपतीला आली आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं बाबांची हुबेहूब नक्कल केली. मी तिचा डबा उलटा केला आणि वर्गाबाहेर उभी राहिले. पण राग तिचा आला होता की बाबांचा, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. आज येतं. बाबांचाच आला होता.

पुढे एम.ए.ला लोकसाहित्य नावाचा पेपर लागला आणि त्यात कळलं, की अरेच्चा, आपल्या जिन्याखाली जे चालतं त्याला साहित्य म्हणतात! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मग मी त्यातच पीएचडी केली, कॉलेजात लागले, आणि गेली वीसेक वर्षं पोरांना लोकसाहित्याची लक्षणं शिकवते आहे. मौखिकता, परिवर्तनशीलता, सामूहिकता. सामूहिकतेवर तर मी अशी काही बोलते, की शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा मोबाइल खाली ठेवतात. "लोकसाहित्य एकट्याचं नसतं, ते ऐकणाऱ्यांशिवाय पुरं होत नाही," हे माझं ठरलेलं वाक्य. परीक्षेत मुलं तेच लिहितात आणि मी त्यांना मार्क देते.

सहाएक वर्षांपूर्वी एका संपादित ग्रंथासाठी मला लेख मागितला गेला, मुंबईतल्या कोकणी माणसांच्या गाऱ्हाण्यांवर. सोबत ध्वनिमुद्रणही हवं होतं. सूचना आल्या होत्या: आवाज स्वच्छ हवा, पार्श्वभूमीला गोंगाट नको, संशोधकानं मध्ये बोलू नये. मी म्हटलं, यात काय कठीण आहे? निवेदक तर घरचाच.

एका रविवारी दुपारी मी दादरहून चाळीत गेले ती सगळी जय्यत तयारी करूनच. आल्या आल्या पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. गॅलरीत खेळणाऱ्या पोरांना चॉकलेटं देऊन खालच्या मजल्यावर पिटाळलं. शेजारच्या वहिनी नेहमीप्रमाणे डोकावल्या, त्यांना "तासाभरानं या हं" म्हणून दारातूनच परत पाठवलं. आई कांदा चिरत होती, तिलाही त्यांच्याकडे जाऊन बसायला सांगितलं, कारण तिला मध्येच बोलायची सवय. आई विळी उचलून निघाली. दारात क्षणभर थांबली, काहीतरी बोलणार होती, पण माझा चेहरा बघून गेली. माझा चेहरा अशा वेळी बघण्यासारखा नसतो, असं माझा नवराही म्हणतो.

खोलीत बाबा आणि मी. मध्ये रेकॉर्डर.

"नारळ खय आसा?" बाबांनी विचारलं.

"नारळ कशाला? नुसतं तोंडी म्हणा."

"नारळ नाय, दिवो नाय, मगे सांगू कोणाक? तुझ्या त्या डबीक?"

मी चरफडत खाली जाऊन नारळ आणला. बाबांनी तो धुतला, पुसला, टोपी घातली, देव्हाऱ्यातलं निरांजन लावलं. मी रेकॉर्डरचं बटण दाबलं आणि तोंडावर बोट ठेवून बसले.

बाबांनी खणखणीत सुरुवात केली. एक वाक्य म्हणाले आणि थांबले. माझ्याकडे बघितलं. मी हातानं खूण केली, पुढे चला. त्यांनी दुसरं वाक्य म्हटलं, परत थांबले. परत माझ्याकडे बघितलं. मी परत खूण केली. तिसऱ्या वाक्याला आवाज उतरला. चौथं अर्धंच राहिलं. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली, आणि पुन्हा त्याच जागी अडखळले. असं तीनदा झालं. शेवटी नारळ त्यांनी खाली ठेवला आणि म्हणाले, "नाय येणा. बंद कर तां."

मला फार वाईट वाटलं, ते खोटं नाही. बाबांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. मनात म्हटलं, झालं, सुरू झालं. घरी जाताना टॅक्सीत रडलेसुद्धा. पण रडून झाल्यावर वही काढली आणि टिपण केलं, कारण आम्हाला तसंच शिकवलेलं असतं. जमलेले तुकडे आणि माझ्या आठवणीतलं गाऱ्हाणं जुळवून मी एक व्यवस्थित संहिता तयार केली. जिथे त्या दिवसाचं काही यायचं तिथे सूचना लिहिली: येथे नावे घ्यावीत, येथे प्रसंग सांगावा. आणि खाली तळटीप दिली: "निवेदक वयोवृद्ध असल्याने स्मरणात वारंवार खंड पडतो."

ग्रंथ छापून आला. त्याची प्रत मी बाबांना मोठ्या कौतुकानं नेऊन दिली. आत बाबांचं नाव नव्हतं, तशी पद्धत असते, पण पान उघडून मी म्हटलं, "हे बघा, हे तुमचं गाऱ्हाणं. आता हे कायमचं राहिलं." बाबांनी चष्मा लावला. गिरणीत साच्यावर आयुष्य काढलेला माणूस, पेपर रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणार, छापलेल्या अक्षराला पाय लागला तर नमस्कार करणार. त्यांनी माझा लेख सगळा वाचला. तळटिपांसकट.

त्या वर्षी गणपतीत "बाबांना हाक मारा रे" झालं तेव्हा ते खाटेवरून उठले नाहीत. आई म्हणाली, "अहो, खाली बोलवतत." तर म्हणाले, "दुसऱ्या कोणाक सांगा. माझो खंड पडता. छापून इला हा."

मी तिथेच होते. मोदकाचं ताट हातात होतं. मला वाटलं, बरं झालं, त्यांनी वय स्वीकारलं, चारचौघांत फजिती व्हायची टळली. उपकारच केले म्हणायचे मी त्यांच्यावर! त्या दिवसापासून बाबांनी गाऱ्हाणं घातलं नाही. गणपतीला नाही, राखणदाराला नाही, घरात नातवाच्या वाढदिवसाला नाही. पुढे पुढे बोलणंच कमी झालं. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. कुणी हाक मारली तर हात वर करायचे. औषधाची गोळी घेतली की नाही हे आईला तीनतीनदा विचारायचे, कारण त्यांचा स्वतःवरच भरवसा उरला नव्हता. मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वयाच्या मानानं उत्तम आहे सगळं." मी मनात म्हटलं, हिला काय कळतंय.

यंदा चाळ रिकामी करायची वेळ आली. पुनर्विकास, पुनर्विकास म्हणून इतकी वर्षं नुसतंच चाललं होतं, ते एकदाचं खरं झालं. भाड्याच्या जागा बघून झाल्या, खोकी भरून झाली. चाळ कमिटीचे चिटणीस मला फोनवर म्हणाले, "मॅडम, शेवटच्या रविवारी राखणदाराला नारळ ठेवून निघायचं ठरलंय. इतकी वर्षं त्यानं सांभाळलं, न सांगता कसं जायचं? बाबा काही घालणार नाहीत, आम्ही विचारलं. तर तुमच्या पुस्तकातलं ते पान द्या ना. मी वाचतो."

मी म्हटलं, देते की. मोठ्या अक्षरात टाइप करूनच पाठवलं. खरं सांगायचं तर आनंद झाला. आमच्या विभागात एक सहकारी आहेत, कवितेचे. त्यांचं नेहमी चालतं, "अहो, लोकसाहित्य हे साहित्याचं कच्चं रूप. छापलं गेलं, की संपलं." आता छापलेलं पुन्हा लोकांत चाललं होतं. त्यांना हे ऐकवायचं मी पक्कं ठरवलं.

आणि ऐकवायचं म्हणून, त्या रविवारच्या आधी चार दिवस, स्टाफरूममध्ये मी ते जुनं ध्वनिमुद्रण लावून बसले होते. सहकारी यायचे होते. आमच्या कॉलेजच्या मावशी, देवगडकडच्या, चहाचे कप गोळा करत होत्या. लॅपटॉपमधून बाबांचा आवाज आला, "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे उभी आसत..." आणि ते थांबले.

"व्हय म्हाराजा," मावशी कप उचलता उचलता म्हणाल्या. माझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

बाबांनी दुसरं वाक्य म्हटलं. थांबले.

"व्हय म्हाराजा."

तिसरं. थांबले. "व्हय म्हाराजा." जेवढी बाबांची थांबायची वेळ, तेवढंच मावशींचं उत्तर. केसभरही इकडेतिकडे नाही. जणू बाबांनी ती जागा मोजून ठेवली होती. आणि मग तो अर्धवट राहिलेला चौथा तुकडा आला, बाबांचा पडलेला आवाज आला, "नाय येणा, बंद कर तां" आलं. मावशींनी कप खाली ठेवले.

"मॅडम, ह्यो म्हातारो एकटोच बसलो हा काय? जवळ कोण नाय?"

"मी होते ना."

"मगे तुमी गप कित्या बसलात?" मावशींचा आवाज एकदम चढला. "तो बिचारो थांबता मा! कोणी व्हय म्हणूक नाय तर तो फुडे जातलो कसो? देवाक सांगता हा, भिंतीक नाय!"

मला कुणीतरी भर वर्गात फळ्यासमोर उभं करून कानफटात द्यावी तसं झालं होतं. वीस वर्षं. सामूहिकता. ऐकणाऱ्यांशिवाय पुरं होत नाही. आणि मी पोरांना पिटाळलं, वहिनींना परत पाठवलं, आईला विळीसकट घराबाहेर काढलं, आणि बापासमोर तोंडावर बोट ठेवून बसले! त्यांना खंड पडला नव्हता. ते माझी वाट बघत होते. ज्या गोष्टीत मी बारशापासून "व्हय म्हाराजा" म्हणत आले, तिच्यात मला दोन शब्द सुचले नाहीत. वर तळटीप दिली. धन्य आहे माझी!

सहकारी आले तेव्हा मी लॅपटॉप बंद करून टाकला होता. संध्याकाळी थेट काळाचौकी गाठली.

खोलीत खोक्यांमधून वाट काढत बाबांपर्यंत गेले आणि सगळं सांगितलं. चूक माझी होती, तुम्हाला सगळं आठवत होतं, मीच साथ दिली नाही. बाबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बापाचा मन राखूक सांगतंस."

"बाबा, शपथ!"

"पुस्तकात लिवला हा मा. पुस्तकात कोण खोटा लिवता?"

"मी लिहिलं! मी! मी चुकले!"

"तू प्रोफेसर," बाबा म्हणाले आणि गॅलरीकडे तोंड करून बसले. ज्या लेकीवर त्यांचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास, तिच्याच शब्दानं त्यांना खाली बसवलेलं, आणि आता त्याच लेकीच्या शब्दानं ते उठायला तयार नव्हते.

आई मोरीत भांडी बांधत होती. ती तिथूनच ओरडली, "माका भायर काढलंस तेव्हाच सांगणार होतंय मी! की गो, व्हय कोण म्हणतला? पण तुझा तोंड बघून गप रवलंय. म्हटला, असात काय तरी शिकलेल्यांची रीत."

म्हणजे आईला माहीत होतं. मावशींना माहीत होतं. गॅलरीतल्या पोरांनासुद्धा विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. नव्हतं ते फक्त मला, डॉक्टरेट असलेल्या बाईला. मी आईवर भडकले, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" तर ती म्हणाली, "त्येंकाच विचार. मी सांगलंय तर माका म्हणाले, तुका काय कळता, छापून इला हा."

मी चिटणिसांना फोन केला, की ते वाचन रद्द करा, बाबांना पुढे करा. ते बिचारे समजूतदार माणूस. म्हणाले, "मॅडम, मला आवडेलच हो. पण बाबा स्वतः म्हणाले, वाच तू. आता चारचौघांत त्यांच्यावर जबरदस्ती कशी करायची? नाही जमलं तर?" नाही जमलं तर. तेच भय मलाही होतं. सहा वर्षं गप्प बसलेला माणूस. खोटा खंड खरा व्हायला सहा वर्षं पुष्कळ होतात.

रविवार उजाडला. सकाळी नऊलाच चाळीचा चौक माणसांनी भरला. जे आधीच घरं सोडून गेले होते, ते वसई-विरारहून मुद्दाम आले होते. लेकी सासरहून आल्या होत्या. जिन्याखालच्या घुमटीला झेंडूची माळ, पुढ्यात समई, पानाचा विडा, नारळ. पहिल्या ओळीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बाबा, इस्त्रीचा सदरा घालून. टोपी मात्र घातली नव्हती. ती आईच्या पिशवीत होती, मी बघितली होती.

चिटणिसांनी माइक हातात घेतला आणि माझा कागद उघडला. सुरुवात ठीक झाली. सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, जरा दबकत, कारण मालवणी असली तरी ती त्यांच्या तोंडची वाटत नव्हती. मी ती फार नीटनेटकी केली होती. मग चिटणीस, भरभर वाचण्याच्या नादात, म्हणाले,

"ही तुझी सगळी लेकरा, येथे नावे घ्यावीत, तुझ्या पायाकडे इली आसत..."

"व्हय म्हाराजा," चाळ म्हणाली. आणि मग कुणीतरी फिसकन हसलं. चिटणीस गोंधळले, कागद पुढेमागे केला, आणि पुढेही तसंच वाचलं. "येथे प्रसंग सांगावा." आता लहान मुलं उघड हसायला लागली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. शब्द माझे होते.

"नावां घ्यावीत म्हणजे काय?"

बाबा खुर्चीतून अर्धे उठले होते. चेहरा लाल. हा राग मी ओळखते, आरशात रोज बघते. "घ्यावीत म्हणजे काय? घे मा मगे! माणसा उभी आसत तुझ्या फुड्यात! नावां नाय घेतलंस तर त्याका कळतला कसा कोण जाता हा नि कोण येता हा?"

चिटणीस म्हणाले, "बाबा, मग तुम्हीच..."

"आण हयसर!" त्यांनी नारळ जवळजवळ हिसकावून घेतला. रागाच्या भरात पुढे झाले, घुमटीसमोर उभे राहिले, आणि मग एकदम त्यांना आपण कुठे उभे आहोत ते कळलं असावं. आईनं पिशवीतून टोपी काढली आणि पुढे होऊन त्यांच्या डोक्यावर ठेवली.

"बा देवा म्हाराजा," बाबा म्हणाले. आवाज घोगरा होता. "आज ही चाळ तुझो निरोप घेवक जमली हा."

आणि थांबले.

माणसं इतकी अवाक झाली होती, की कुणीच काही बोललं नाही. बाबांची नजर वळली आणि सगळ्यांना सोडून माझ्यावर आली. तीच नजर. त्या दुपारची.

"व्हय म्हाराजा!" मी ओरडले. एकटीच. तास घेऊन घेऊन बसलेला माझा आवाज असा काही फाटला, की पहिल्या मजल्यावरची कबुतरं उडाली. पण बाबांचे खांदे खाली आले. त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं, आणि या वेळी अख्खा चौक म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

मग बाबा काही थांबेनात. पहिल्या खोलीपासून सुरुवात केली. एकेक बिऱ्हाड, एकेक माणूस, नावानिशी. कोण कुठे भाड्यानं जातंय, तिथे पाणी किती वाजता येतं, कुणाची सून बाळंत व्हायची आहे, कुणाचा गुडघा दुखतो आणि नव्या जागेला लिफ्ट नाही. जे वारले त्यांचीही नावं घेतली, म्हणाले, ही पण तुझीच लेकरा, ह्येंका हयसर एकटा ठेवू नको. राखणदाराला बजावलं, "आमी जातंव, पण तुका सोडून जाणंव नाय. इमारत उभी रवली की आमका परत आण. तवसर ह्या जाग्यार नजर ठेव, आणि बिल्डराक त्येना दिलेलो शब्द आठवंदे." इथे "व्हय म्हाराजा" सर्वांत मोठ्यानं झालं. लोक हसत होते आणि रडत होते. मी तर उघड रडत होते. किती वेळ गेला कोण जाणे. एक नाव सुटलं नाही. चिटणिसांचंही घेतलं, ह्येका कागदाशिवाय बोलूक शिकव, म्हणाले.

शेवट जवळ आला. ठरलेला शेवट, मला पाठ असलेला, चुकला-माकला आसात तर पोटात घाल. पण बाबा त्याच्या आधी अडले. तो खंड नव्हता. ते शब्द शोधत होते.

"आणि बा म्हाराजा, ह्या माझा चेडू. हयसरच वाढला, शिकला, मोठा झाला. बापाचा बोलणा पुस्तकात घातलान. बाप मेल्यावर कोणाक तरी आठवंदे, म्हणान घातलान. ह्येच्या हातसून काय चुकला-माकला आसात, तर तां तू पोटात घाल. मी घातलंय."

"व्हय म्हाराजा!" चाळ म्हणाली. आई म्हणाली. चिटणीसही म्हणाले.

बाबा पुढे जाईनात. नारळ हातात धरून ते माझ्याकडे बघत उभे राहिले. मी डोळे पुसत राहिले. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "ताई, तुमच्यासाठी थांबलेत."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

मग बाबांनी नारळ फोडला.